लाजऱ्या बटाट्याचे खरे वजन

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे, आणि मला खोटे बोलता येत नाही असे सांगितले तर मोहटोल्यातले म्हातारे लोक हसतील. हसोत बापडे. आयुष्याची पहिली चार वर्षे मी रोज खोटे बोलत होतो. तीही गोष्ट सांगतो, कारण पुढे माझ्यावर आळ आला तेव्हा आधी तीच बाहेर निघाली.

माझा जन्म चांद्याचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा. जटपुरा दरवाजाच्या आतल्या अंगाला बाबूभाईंचे लहानसे दुकान होते. लोखंडाची दांडी, पितळेची दोन पारडी, सहा साखळ्या आणि मधोमध उभा काटा, एवढाच माझा देह. पण बाबूभाईंनी त्याच्यावर अकरा दिवस घालवले. दांडीच्या एका टोकाला कानशीचे दोन हात मारायचे, रिकामी पारडी टांगायची आणि दूर जाऊन नुसते बघत बसायचे. वारा लागू नये म्हणून दुकानाचे दारही लोटून घ्यायचे. त्यांची बायको जरीना वैतागून म्हणायची, "तराजू बनवून राह्यले का पोरीचं लगन जमवून राह्यले?"

बाराव्या दिवशी काटा मधोमध उभा राहिला आणि हलला नाही. तेव्हा बाबूभाईंनी माझ्या दांडीवरून बोट फिरवले. "सुन बेटा," ते म्हणाले, "गिऱ्हाईक कोन हाये ते नाई पाहाचं. माल कोनाचा हाये ते बी नाई पाहाचं. आपलं काम मधात उभं राह्याचं." मी मनाशी ठरवले की असेच वागायचे.

पण तराजूने ठरवून काय होते? मूल गावच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याने मला विकत घेतले. रानातून लोक मोहफुले, हिरडे, लाख घेऊन यायचे. मोहफुलांच्या वासाने मला गरगरायचे, पण खरी गरगर वेगळीच होती. वजन ठेवायच्या पारड्याखाली त्या माणसाने दोन छटाक मेणाचा गोळा चिकटवला होता. शेरभर मोहफुले मोजताना दोन छटाक फुले जास्त टाकावी लागत. दहा कोस चालत आलेली बाई भाबडेपणाने माझ्याकडे बघायची, आणि मी मधोमध उभा राहून तिला फसवायचो. याला लोक दांडी मारणे म्हणतात. दांडी माझी, मारणारा तो, आणि नाव मात्र दोघांचे खराब.

यातून मला सोडवले ते दादाजींनी. दादाजी शेती खात्यातले तरुण कामदार. कोरपन्याकडचे, म्हणजे कापसाच्या मुलखातले. त्यांना १९५३ साली आमच्या या धानाच्या मुलखात पाठवले होते, आणि तेही बटाट्यासाठी. तेव्हा इकडे बटाटा म्हणजे, इकडच्या भाषेत आलू म्हणजे, लग्नातली भाजी. तो पोत्यांतून बाहेरून यायचा. धान निघाल्यावर रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पाण्यावर इथे बटाटा होतो का, आणि कोणत्या जातीचा चांगला होतो, हे दादाजींनी दोन वर्षांत करून दाखवायचे होते. सरकारी तराजू यायला उशीर होता. बटाटे काही कागदपत्रांसाठी मातीत थांबत नाहीत. म्हणून दादाजींनी बाजारातून मलाच घेतले, माझे मेण खरवडून काढले आणि मला पुन्हा बाबूभाईंकडे नेले. बाबूभाईंनी मला ओळखले. मेणाचा डाग अंगठ्याने घासून काढला. मला नीट करून दिले आणि एक पैसाही घेतला नाही. मला त्या दिवशी फार लाज वाटली आणि फार मोकळेही वाटले.

मोहटोल्याच्या लटारूभाऊंनी बोडीखालची एक बांधी प्रयोगाला दिली होती. दादाजींनी तिचे सारखे बारा वाफे पाडले. चार जातींचे बियाणे आले होते, पण त्यांच्या पोत्यांवर नुसते आकडे. प्रत्येक जातीला तीन वाफे, तेही सरमिसळ, म्हणजे चांगली माती एकाच जातीच्या वाट्याला यायला नको. प्रत्येक वाफ्याची कडेची एक ओळ वजनात धरायची नाही, कारण तिथे गुरेढोरे तोंड घालतात. ती शेवटी वेगळी खणायची. असे त्यांचे सगळे काटेकोर.

आकडे बायकांच्या लक्षात राहीनात. मग खणणाऱ्या दहा जणींची पुढारी रुखमाबाई हिने चौघांचे बारसेच करून टाकले. रुखमाबाई उंच, काटक, आणि जिभेने कुदळीपेक्षा धारदार. एक नंबरचा बटाटा थोराड आणि गुळगुळीत, तो 'भोपळ्या'. दोन नंबरचा बारीक गोल, तो 'गोट्या'. तीन नंबरचा 'लांबोडा'. आणि चार नंबरच्या बटाट्याच्या डोळ्यांभोवती फिकट गुलाबी झाक होती. त्याला पाहून ती म्हणाली, "पाहा ना वं, नव्या नवरीवानी लाजून राह्यला." झाले, तो 'लाजरा'.

खरे सांगतो मित्रांनो, मला लाजरा आवडायचा. पारड्यात पडताना भोपळ्या धाडकन आदळायचा. लाजरा हळूच येऊन बसायचा. तराजूने असे आवडते-नावडते ठेवू नये हे मला कळते. पण पितळेलाही कुठे कुठे मऊ जागा असते.

दादाजींनाही लाजऱ्यावरच आशा होती. खणणीच्या आधी त्यांनी प्रत्येक जातीचे एकेक झाड उपटून पाहिले. लाजऱ्याच्या मुळाशी तेरा बटाटे निघाले, तेही सगळे विकायजोगे. "हा नंबर काढते," ते लटारूभाऊंना म्हणाले.

मग खणणी झाली. तीन बांबू एकत्र बांधून त्यांना मला टांगले. एका बाजूला शेराची, पाच शेरांची वजने, दुसऱ्या बाजूला माती झटकलेले बटाटे. तीन वाफे मिळून भोपळ्या पाच मण. लांबोडा साडेचार. गोट्या चार. आणि लाजरा, ज्याच्यावर सगळ्यांची आशा, तो पावणेचार मण. सगळ्यांत खाली! दादाजींनी तीनदा मोजायला लावले. मी तीनदा तेच सांगितले.

पहिल्या वर्षी त्यांनी मनाची समजूत घातली की कीड लागली असेल, पाणी कमी पडले असेल. दुसऱ्या वर्षी त्यांनी लाजऱ्याला डोळ्यांत तेल घालून जपले. झाडे कमरेला हात लावून उभी राहिल्यासारखी जोमदार. एक झाड उपटले तर चौदा बटाटे. आणि खणून मोजले तर पुन्हा पावणेचार मण. लाजरा पुन्हा तळाला.

त्याच दुपारी चांद्याहून दादाजींच्या खात्याचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. त्यांनी दोन्ही वर्षांचे आकडे पाहिले. "दोन्ही साली सर्वांत कमी. चार नंबरचे बी बाद करा. जेवढे आहे तेवढे खाऊन टाका. पुढच्या वर्षी गावाला एक नंबरचे बी वाटू."

"पण साहेब, झाड तर वेगळंच सांगून राह्यलं," दादाजी म्हणाले. "एका झाडाले चौदा चौदा लागले. मी सोता मोजले."

"मग एक तर तुमचे डोळे खोटे, नाहीतर तुमचा तराजू." साहेबांची नजर माझ्यावर आली. "हा कुठला?"

दादाजी खोटे बोलणारे नव्हते. त्यांनी माझी सगळी कुळकथा सांगितली, मेणाच्या गोळ्यासकट. साहेबांनी कपाळावर हात मारला. "बाजारातला दांडीमार तराजू! तराजू खोटा असेल तर दोन वर्षांचे काम पाण्यात गेले, आणि हा भंगारात. तराजू खरा असेल तर चार नंबर बाद. परवा सकाळी येतो. दोन्हींपैकी काय ते ठरवून ठेवा."

आता माझी अवस्था पाहा. मी खरा ठरलो तर लाजरा जातो. मी खोटा ठरलो तर मी लोहाराच्या भट्टीत जातो, आणि माझ्याबरोबर दादाजींची दोन वर्षे. इकडे आड, तिकडे विहीर. ज्याच्या अंगाला एकदा मेण लागले त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

दादाजींनी माझी परीक्षा घेतली. रिकामी पारडी, काटा मधोमध. पाच शेर इकडे, पाच शेर तिकडे, काटा मधोमध. मग पारड्यांची अदलाबदल केली, तरी मधोमध. त्यांनी हुश्श करायला हवे होते, पण ते मटकन खाली बसले. "तराजू त खरा हाये, लटारूभाऊ," ते म्हणाले. "म्हंजे लाजराच खोटा." त्यांचा आवाज इतका पडला होता की मला खरे असल्याचेच वाईट वाटले. तरी एक शेवटची खातरी म्हणून, शिक्क्याची सरकारी वजने आणायला ते दुसऱ्या दिवशी पहाटेच सायकलवर मूलला निघाले. मला लटारूभाऊंच्या गोठ्यात आढ्याला टांगून ठेवले होते.

उन्हे वर आली तसा गोठ्याबाहेर कलकलाट ऐकू आला. वच्छला आणि कमळा या खणणाऱ्या बायकांतल्या दोघी कशावरून तरी जोरजोरात भांडत होत्या.

"तुह्या टोपलीत जास्त हाये!"

"मागच्या साली तुह्या टोपलीत होते, तवा मी बोलली का?"

मग रुखमाबाईचा आवाज आला. "चूप बसा वं! घरात तराजू असून भांडता काऊन? लटारूभाऊ, जरा काढून द्या जी."

लटारूभाऊंनी मला काढून अंगणातल्या चिंचेला टांगले. बायकांनी आपापल्या टोपल्या एका घोंगडीवर उलट्या केल्या, आणि मी पाहतच राहिलो. ढीगभर बटाटे, ओल्या मातीने माखलेले, आणि मातीआडून डोळ्याडोळ्याला गुलाबी झाक. लाजरा! सगळा लाजराच!

रुखमाबाईने दहा सारखे वाटे घातले. प्रत्येक वाटा माझ्या पारड्यात आला. चार शेर. चार शेर. पुन्हा चार शेर. मी काटा मधोमध धरून उभा होतो आणि आतून नुसता ओरडत होतो. दहा वाटे, म्हणजे चाळीस शेर, म्हणजे पुरता एक मण! पावणेचार मणात एक मण मिळवा, मित्रांनो. तुम्हाला जमते, मलाही जमते. पण मला तोंड नाही. बाबूभाईंनी सगळे दिले, तेवढे एक द्यायचे राहिले.

सहा वाटे झाले असतील, तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. दादाजी वजने घेऊन परत आले होते. त्यांनी तो ढीग पाहिला आणि सायकल तिथेच टाकली.

"हे कुठचे आलू? कोनी नेले? चोरी करता? माह्याच वावरात चोरी?"

वच्छलाने पदर तोंडावर घेतला. रुखमाबाई मात्र तसूभर हलली नाही. हातातला वाटा तिने सावकाश पारड्यात ठेवला, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "चोरी? भाऊ, चोर का अंगनात तराजू लावून वाटते?"

दादाजींनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा घोंगडीवरच्या वाट्यांकडे.

"सरवा हाये हा," ती म्हणाली. "तुमाले सरवा माईत नाई?"

कापसाच्या मुलखातल्या दादाजींना खरेच माहीत नव्हते. मग लटारूभाऊंनी समजावून सांगितले. "धान कापतानी बाया थोड्या लोंब्या पाडतेत, जी. मालक तोंड फिरवते. धान उचललं का त्या लोंब्या वेचून बाया घरी नेतेत. शेत खरवडून नेऊ नाई, लक्षुमी रुसते. म्या धानाले जे चालते ते आलूले बी चालते म्हटलं. मीच सांगतलं त्याइले, रीत मोडू नका म्हून."

"आमी खनतानी थोडे मातीत ठेवतो," रुखमाबाई म्हणाली. "तुमचं वजन झालं का दुसऱ्या दिवशी येऊन काढतो. मागच्या साली बी काढले. आमाले वाटलं तुमाले माईतच हाये."

दादाजी घोंगडीजवळ उकिडवे बसले. एक बटाटा उचलून त्यांनी धोतराला पुसला. मग दुसरा पुसला, मग तिसरा. "पन बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "हा सगळा लाजराच काऊन?"

"मंग का भोपळ्या ठेवू?" रुखमाबाईला हसू आले. "त्याले कोन खाते जी? शिजवला का नुसतं पानी. त्याच्या वाफ्यातून त आमी एक बी मागे ठेवला नाई, समदा तुमाले उकरून देल्ला. गोट्याले सोलता सोलता दुपार होते. लांबोडा घशात बसते. म्हून बारा वाफ्याचा सरवा आमी लाजऱ्याच्याच तीन वाफ्यात ठेवला. बाराचा हक्क होते, बाराचाच घेतला. एक बी जास्त नाई."

मला आजही त्यांचा चेहरा आठवतो. आधी तो कोरा होता. मग डोळ्यांत काहीतरी लकाकले. मग ते उठले आणि एकदम मोठ्याने हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "चाळीस शेर!" ते म्हणाले. "बाई, चाळीस शेर ना? अवं, तुमी माह्या लाजऱ्याचा जीव घेत होत्या!"

मग त्यांनी साहेब काय म्हणाले ते सगळे सांगितले. लाजऱ्याचे बी बाद होणार आणि पुढच्या वर्षी गावभर भोपळ्या लागणार, हे ऐकल्यावर मात्र रुखमाबाईच्या तोंडचे पाणी पळाले. आपण ज्याला सगळ्यांत जास्त जपले, त्यालाच आपल्या हाताने मारत होतो, हे तिला कळले. ती वाट्यातले बटाटे परत ढिगात टाकू लागली. "राहू द्या बाई," दादाजी म्हणाले. "तुमचा सरवा तुमचाच हाये."

पण इथेच सगळे संपले असते तर काय हवे होते! दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मान हलवली. "गोष्ट चांगली आहे. पण घरी नेलेल्या टोपल्यांचे वजन मी प्रयोगात कसे धरू? आणि ते वजन केले कोणी? याच तराजूने."

पुन्हा मीच! जन्मभर मेण काही सुटत नाही, असे मला वाटले.

तेव्हा दादाजींना कडेच्या ओळी आठवल्या. प्रत्येक वाफ्याची एक ओळ अजून न खणता उभी होती. म्हणजे प्रत्येक जातीच्या तीन ओळी, सारख्या लांबीच्या. "त्याइच्यात डावं-उजवं होते हे मले माईत हाये साहेब," ते म्हणाले, "पन मन भर आलू काई लपत नाईत. तुमच्यासमोर खनतो. सरकारी वजनानं मोजतो. सरवा ठेवायचा नाई."

साहेब कबूल झाले. बायका ओळींना लागल्या. पहिली ओळ संपत आली तेव्हा रुखमाबाईची कुदळ थांबली. मातीत एक बटाटा दिसत होता आणि ती त्याच्याकडे बघत उभी होती.

"तो राहिला की," साहेब म्हणाले.

"साहेब, माह्यानं रिकामी माती नाई सोडवत," ती म्हणाली. "ओळीले एक ठेवते. समद्या ओळीले एकच, भोपळ्याले बी एकच. चालते का?"

साहेबांनी जरा विचार केला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. "सगळ्यांना सारखे असेल तर चालते."

मग मला टांगले. साहेबांनी स्वतः माझी पारडी उलटी करून पाहिली, खालून बोट फिरवून मेण शोधले, पारडी अदलून पाहिली. मग पहिल्यांदा गोट्या चढला. बारा शेर. लांबोडा, साडेतेरा. भोपळ्या आदळला, पंधरा शेर. आता लाजरा.

सगळे गाव जमले होते. रुखमाबाईने हात जोडले होते, कोणाला ते तिलाच ठाऊक. समोरच्या पारड्यात पंधरा शेरांची वजने होती, आणि लाजरा हळूच येऊन बसला. चौदा शेर. वर अजून थोडे. काटा जवळ आला, अगदी जवळ आला, आणि थोडा अलीकडेच थांबला.

मित्रांनो, खरे सांगतो, त्या क्षणी मला मोह झाला. माझी दांडी ज्या अणीवर टेकून फिरते, तिथे गंजाचा कण होता. त्याला थोडे अडायला सांगितले असते तर? सगळ्यांनाच ते हवे होते. मलाही हवे होते. एकदा मी वाईट माणसासाठी खोटे बोललो होतो, मग एकदा चांगल्या माणसांसाठी का नाही? पण मला बाबूभाईंचे बोट आठवले. माल कोनाचा हाये ते बी नाई पाहाचं. मी मधोमध आलो नाही.

साहेबांनी अर्धा शेर काढला. आता काटा मधोमध. "साडेचौदा," ते म्हणाले.

भोपळ्यापेक्षा अर्धा शेर कमी. सगळ्यांचे चेहरे उतरले. दादाजींनी मान खाली घातली. साहेब मात्र माझ्याकडे बघत उभे होते.

"हा तराजू खरा आहे," ते सावकाश म्हणाले. "खोटे बोलायचेच असते तर आज बोलला असता." मग ते दादाजींकडे वळले. "आणि तुम्ही मान काय खाली घालता? परवा तुमचा चार नंबर तळाला होता. आज तो दुसरा आहे, तोही अर्ध्या शेराने. बाद करण्याचा प्रश्नच नाही."

मला काय वाटले ते कसे सांगू! दोन दिवस जे माझ्या दांडीवर बसले होते ते एकदम उतरले. रिकामे पारडे किती हलके असते ते मला त्या दिवशी कळले.

पण रुखमाबाईचे समाधान झाले नव्हते. तिने भोपळ्या उचलला, विळ्याने मधोमध कापला आणि साहेबांपुढे धरला. आत पोकळ, आणि पोकळीत काळे. मग तिने लाजरा कापला. पिवळसर, भरीव, काठोकाठ. "वजन त झालं जी," ती म्हणाली. "आता खाऊन पाहा. मागच्या सालचा भोपळ्या होळीलेच सडला. लाजरा वाळूत घालून ठेवला त आखाड लागेपर्यंत राह्यला, मोड यायले लागले तवा संपवला. वजनात भोपळ्या मोठा, पन चवीले अन टिकायले लाजऱ्याच्या पासंगालेही नाई पुरत."

चूल मांडली, दोन्ही उकडले. साहेबांनी भोपळ्याचा एक घास खाल्ला आणि लाजऱ्याचे चार बटाटे. चौथा सोलता सोलता त्यांनी निकाल दिला की गावाला बी वाटायचे ते लाजऱ्याचे.

"परवा या तराजूला दांडीमार कोण म्हणाले होते?" निघताना त्यांनी विचारले.

"तुमीच जी," रुखमाबाई म्हणाली, आणि सगळे हसले. साहेबही.

त्या वर्षीपासून दादाजींनी एक नवा नियम केला. प्रत्येक वाफ्यात एक लहान ओळ आधीच सरव्याची म्हणून राखायची, सगळ्या जातींना सारखी, आणि तिचे बटाटे बायकांनी न्यायचे. वजनही चुकत नाही, रीतही मोडत नाही. आता बोडीखालच्या निम्म्या बांध्यांत धानानंतर लाजरा असतो आणि आलू लग्नाची भाजी राहिलेली नाही.

मी मात्र म्हातारा झालो. दादाजींची बदली झाली. शेर, छटाक गेले, किलो आले, आणि किलोबरोबर नवा, चकचकीत तराजू आला. मी पुन्हा लटारूभाऊंच्या गोठ्यात आढ्याला. गेल्या पावसाळ्यात एका कोंबडीने माझ्या डाव्या पारड्यात बसून अंडी उबवायचे ठरवले, तेव्हा काही दिवस मी साफ एका बाजूला झुकलेला होतो. लोक म्हणाले, तराजू बिघडला. बिघडला नव्हता हो, फक्त कोंबडी कोणी धरली नव्हती.

पण दरसाल फाल्गुनात रुखमाबाई येते. तिचे केस पांढरे झाले आहेत. ती मला खाली उतरवते, राखेने पारडी घासते, अणीवर मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचा एक थेंब सोडते आणि चिंचेला टांगून दहा जणींचा सरवा वाटते. नव्या तराजूवर तिचा विश्वास नाही. म्हणते, "त्यानं कवा सोताच्या मनाविरुद्ध वजन सांगतलं?"

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादा जुना तराजू असेल तर त्याला वर्षातून एक थेंब तेल द्या. आणि तो तुमच्या मनासारखे सांगत नसेल तर त्याला लगेच भंगारात काढू नका. आधी वावरात जा, माती उकरा, मागे काय राहिले ते बघा. मातीत एक मूठ जरूर मागे ठेवा, ती चांगली रीत आहे. पण वजन सांगताना ती मूठही सांगा. नाहीतर ज्याच्यावर तुमचा सगळ्यांत जास्त जीव आहे, तोच एखादे दिवशी हलका ठरून जाईल.